नदीकाठची आगगाडी : पूर्वीची आणि आताची

(परिसर अभ्यास. इयत्ता ४ थी)

आमचे गाव उल्हास नदीच्या काठी आहे. ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. मग ती कर्जतवरून खाली येते. नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर या गावांच्या बाजूने वाहते आणि शेवटी वसईच्या खाडीला मिळते. आगगाडीचे रूळही याच खोऱ्यातून जातात. कुठे नदी रुळांच्या अगदी जवळ येते, कुठे लांब शेतांच्या पलीकडे जाते. गाडीत बसून मुंबईकडे तोंड केले की डाव्या हाताला माथेरानचा डोंगर आणि उजव्या हाताला नदी.

गुरुजींनी चौथीच्या वर्गाचे तीन गट केले. एका गटाला घरे दिली, एका गटाला बाजार दिला आणि आमच्या गटाला आगगाडी दिली. पूर्वी कशी दिसायची आणि आता कशी दिसते ते शोधून काढायचे. आम्ही पुस्तके पाहिली, म्हाताऱ्या माणसांना विचारले आणि दोन रविवार गुरुजींबरोबर पाणवठ्यावरच्या मोठ्या खडकावर बसून गाड्या पाहिल्या. तिथून रूळ लांबून दिसतात, म्हणून भीती नाही.

पहिली गोष्ट धुराची. आपल्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आगगाडी सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या इंजिनातून काळा धूर निघतो. बालवाडीतली मुलेसुद्धा गाडी काढली की आधी धूर काढतात. पण माझी आजी म्हणाली, "मी ह्या गावात आले त्याला पन्नास वर्सं झाली. ह्या मोठ्या गाडीला धूर मी कदी बघितलाच नाय. धूर व्हता तो माथेरानच्या गाडीला."

आम्हाला हे नवल वाटले. मग गुरुजींनी पुस्तक काढून दाखवले. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तिला १४ डबे होते आणि ४०० माणसे बसली होती. तिला तीन इंजिने जोडली होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत आले. आणि १२ मे १८५६ रोजी गाडी कल्याणहून आपल्या इथून कर्जतवरून थेट खोपोलीपर्यंत जाऊ लागली. म्हणजे आपल्या नदीकाठच्या माणसांनी आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती १८५६ साली. तेव्हा इथे बैलगाड्या आणि घोडे होते. एवढे मोठे लोखंड आपोआप पळत येताना पाहून लोकांना काय वाटले असेल! ती गाडी मात्र खरोखर धुराची होती.

तेव्हा घाटात रूळ नव्हते. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी १८५८ साली सुरू झाली, पण मधला बोरघाट राहिला होता. त्यामुळे लोक खोपोलीला उतरत, पालखीतून नाहीतर घोड्यावरून घाट चढत आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. घाटातले रूळ १८६३ साली झाले. हा चढ ३७ ला १ असा आहे. ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. आम्ही शाळेच्या मैदानात दोरीने ३७ मीटर मोजले आणि शेवटी १ मीटरची काठी उभी केली. बघायला काहीच वाटत नाही. बैलगाडी सहज चढेल. पण आगगाडीची चाके लोखंडाची, रूळही लोखंडाचे, त्यामुळे ती घसरतात. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिने लावतात. पूर्वीही लावत होते, अजूनही लावतात. मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी १० फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडून जाते. तिला मात्र ढकलणारे इंजिन लागत नाही. तिच्या बऱ्याच डब्यांखाली मोटारी असतात, म्हणजे जणू पुष्कळ डबे मिळून ओढतात.

आता धूर कुठे गेला ते सांगते. आपल्या देशातली विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी धावली. त्यानंतर थोड्याच वर्षांत विजेच्या तारा कल्याणवरून आपल्या बाजूने पुण्यापर्यंत गेल्या. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, ती पहिल्यापासून विजेच्याच इंजिनाने. म्हणजे आपल्याकडे धूर जाऊन जवळजवळ शंभर वर्षे होत आली. देशात इतर ठिकाणी वाफेची इंजिने त्यानंतरही पुष्कळ वर्षे होती, म्हणून चित्रांत धूर राहिला. आजीचे म्हणणे बरोबर निघाले.

माथेरानच्या छोट्या गाडीचेही तिचे बरोबर आहे. नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधले अंतर फक्त दोन फूट आहे. आपल्या दोन पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की झाले. तिची पहिली चार इंजिने जर्मनीत बनवलेली होती. ती कोळशाची इंजिने १९८० नंतर थोड्याच वर्षांत थांबली आणि डिझेलची आली. आजी नेरळच्या बाजाराला जायची तेव्हा ते इंजिन फुसफुस करत उभे असायचे. ती म्हणते, "म्हशीसारखं दम टाकायचं." ऑगस्ट २०१९ च्या पावसात या गाडीचा रस्ता वाहून गेला. नेरळहून गाडी परत सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाण्याची जास्त काळजी असे. पाणी तापवायचे, त्याची वाफ करायची, वाफ नळकांड्यातला दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाके फिरवतो. वाफ उडून जाते, मग परत पाणी. त्या वेळी आपल्या रेल्वेचे नाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला होते, थोडक्यात जी.आय.पी. या रेल्वेने पाण्यासाठी अंबरनाथजवळ काकोळ्याला धरण बांधले. माझी मावशी अंबरनाथला राहते. तिच्याकडे अजूनही सगळे त्याला जी.आय.पी. टँक म्हणतात. १९५१ साली ह्या रेल्वेचे नाव मध्य रेल्वे झाले, तरी तळ्याचे नाव बदलले नाही.

पाण्यावरून आणखी एक गोष्ट आठवली. आपल्या नदीला मे महिन्यातसुद्धा पाणी असते. पुष्कळ नद्या उन्हाळ्यात आटतात, मग आपली का नाही? कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांचे वीजघर आहे. ते १९२२ साली सुरू झाले. घाटावरच्या तलावाचे पाणी मोठ्या नळातून खाली आणतात, त्यावर वीज तयार करतात आणि ते पाणी पेज नदीत सोडतात. पेज नदी उल्हासला मिळते. म्हणून पाणवठ्यावर बारा महिने धुणे धुता येते. हा काही आगगाडीचा विषय नाही, पण नदीचा आहे, म्हणून लिहिला.

पूर्वीच्या विजेच्या इंजिनांत एक इंजिन मला फार आवडले. त्याचे नाव खेकडा! ते स्वित्झर्लंडच्या कारखान्यात पहिल्यांदा बनले आणि १९२८ च्या सुमारास आपल्याकडे आले. पुढे लांब नाक, मागे लांब नाक आणि मधे उंच खोली असे ते दिसायचे. परदेशात अशा इंजिनाला मगर म्हणत. आपल्याकडच्या लोकांनी खेकडा म्हटले, कारण उभे असताना ते एक विचित्र कण्हल्यासारखा आवाज करी. घाटात गाड्या ढकलायला आणि मालगाड्या ओढायला ते होते. १९९० नंतर काही वर्षांत ते बंद झाले. एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवला आहे. पलीकडच्या आळीतले गँगमन काका आता घरी असतात. त्यांनी तो पाहिलेला आहे. त्यांनी आम्हाला त्याचा आवाज काढून दाखवला. तो लिहिता येत नाही.

आवाजाचे काकांनी खूप सांगितले. पूर्वी गाडी दिसण्याआधी ऐकू यायची. खडक्-खडक्, खडक्-खडक् असा ताल असायचा. ह्याचे कारण असे की रुळांचे तुकडे १३ मीटरचे असतात. पूर्वी दोन तुकड्यांच्या मधे थोडी फट ठेवत आणि बाजूने पट्टी लावून बोल्ट मारत. उन्हात लोखंड वाढते, म्हणून फट हवी. चाक फटीवरून गेले की खडक् वाजते. आता तुकडे वितळजोड करून लांबच लांब एकच रूळ करतात आणि तो सिमेंटच्या स्लीपरांना घट्ट धरून ठेवतात. पूर्वी स्लीपर लाकडाचे होते. त्यामुळे आता गाडी सू करून येते. काका म्हणाले, "आवाज कमी झाला हे चांगलं, पण तुम्ही पोरं रुळाजवळ जास्त जपा. गाडी आता सांगून येत नाही." आम्ही खडकावर बसलो होतो तेव्हा हे पटले. पाण्याचा आवाज चालू होता आणि वंदे भारत डोळ्यांना दिसली तेव्हाच कळली.

आता दिसण्याबद्दल. आजी सांगते, पूर्वी खडकावर उभे राहिले की गाडी एका वळणाला उगवायची आणि दुसऱ्या वळणाला मावळायची. मधे भाताची खाचरे आणि थोडी झाडे, बाकी मोकळे. सगळी गाडी एका नजरेत मावायची आणि पोरे डबे मोजायची. आता मधे नव्या इमारती झाल्या आहेत. गाडी इमारतीमागे जाते, परत दिसते, परत जाते. तुकडे तुकडे दिसते. डबे मोजताना मधेच चुकते. इमारतीत राहायला आलेली मुले आपल्याच शाळेत आहेत, त्यातला एक आमच्या गटात आहे. तो म्हणाला, आमच्या गच्चीवरून गाडी, नदी आणि माथेरान सगळे एकदम दिसते. म्हणजे गाडी दिसायची बंद झाली नाही, बघायची जागा वर गेली. पण गच्चीला कुलूप असते, आणि खडकाला नसते. मला खडक बरा वाटतो.

गाड्याही वाढल्या. आजीच्या वेळी दोन गाड्यांच्या मधे एक धुणे धुऊन व्हायचे. आता कल्याणकडून कर्जतची लोकल, कर्जतकडून मुंबईची लोकल, मधे इंद्रायणी, सिंहगड, डेक्कन क्वीन, मधे लांब मालगाडी, असे चालूच असते. लोकल पांढऱ्या-जांभळ्या रंगाची असते आणि तिला १२ डबे असतात. डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिला सात डबे होते. जून २०२२ मध्ये तिला नवे डबे मिळाले.

एक फरक मात्र चांगला नाही असे मला वाटते. पूर्वी सगळ्या खिडक्या उघड्या असायच्या. काठावरच्या मुलांनी हात हलवला की गाडीतली माणसे हात हलवायची. आता वातानुकूलित डब्यांच्या काचा काळसर आणि बंद असतात. आपण हात हलवतो, आतून कोणी हलवला की नाही ते कळत नाही. आम्ही दुसऱ्या रविवारी हे मुद्दाम पाहिले. लोकलमधून पुष्कळ हात आले. वंदे भारतमधून एकही दिसला नाही. पण मालगाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डने हिरवा झेंडा हलवला, तेव्हा आमचा सगळा गट ओरडला.

गणिताची गोष्ट. गाडीचा वेग काठावरून काढता येतो. लोकलचा एक डबा साधारण २० मीटर लांब असतो. १२ डबे म्हणजे २४० मीटर. समोरच्या एका खांबापुढून गाडीचे तोंड गेले की घड्याळ बघायचे, शेपूट गेले की परत बघायचे. समजा १२ सेकंद लागले. २४० भागिले १२ म्हणजे एका सेकंदात २० मीटर. एका तासात ३६०० सेकंद. २० गुणिले ३६०० म्हणजे ७२,००० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. ज्यांना भागाकार येतो त्यांनी करून पाहावे. ज्यांना येत नाही त्यांनी सेकंद मोजून आमच्याकडे यावे.

गाडी कशी दिसायची असे मी आजीला पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा ती जरा चिडली. म्हणाली, "गाडी बघायला येल कुणाला व्हता? आम्ही गाडीत बसायचो." आजी १९७२ साली, दुष्काळाच्या सालात, लग्न होऊन इथे आली. दोन वर्षांनी तिने धंदा सुरू केला. त्याच वर्षी, १९७४ मध्ये रेल्वेतला तिसरा वर्ग बंद झाला. फळ्या त्याच, नाव दुसरे, असे आजी म्हणते. ती मे महिन्यात करवंदे आणि जांभळे, पावसाच्या आधी शेवळे, पावसात टाकळा आणि कुर्डू अशी पाटी भरून पहाटेच्या लोकलने कल्याणला न्यायची. अंधारात पाटी डोक्यावर घेऊन नदीच्या वाटेने स्टेशनपर्यंत चालायचे. येताना सुकी मासळी, मीठ आणि बाबांच्या वह्या आणायची. घरात घड्याळ नव्हते. आधीच्या मालगाडीचा आवाज आला की उठायचे. पहाटेची गाडी चुकली तर माल दुपारपर्यंत कोमेजायचा आणि भाव मिळायचा नाही. बाबा त्याच पैशावर दहावीपर्यंत शिकले. आजीचे गुडघे आता दुखतात, पण आमच्या वाडीतल्या बायका अजून मालडब्यातून पाट्या नेतात. तुम्ही पहाटे उठलात तर रुळाच्या वाटेने विजेरीचे दिवे जाताना दिसतील. पूर्वी तिथे कंदील होते.

आता पुराचे लिहिते, कारण आमच्या गटाला सगळ्यात जास्त ह्याचीच माहिती मिळाली. पाऊस फार झाला की नदी काठ सोडते आणि सपाट भागात पसरते. रूळ त्याच सपाट भागात आहेत. २६ जुलै २००५ रोजी फार मोठा पूर आला होता. त्या दिवशी गाड्या बंद पडल्या. आजी म्हणते, सगळ्यात भीती कशाची वाटली तर गाडीचा आवाज नव्हता याची.

दुसरी मोठी गोष्ट २०१९ ची. तेव्हा आम्ही अंगणवाडीत होतो. महालक्ष्मी एक्स्प्रेस २६ जुलैला रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघाली. बदलापूर आणि वांगणी यांच्यामधे चामटोलीजवळ ती पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले होते. गाडीत हजाराहून जास्त माणसे होती. रात्रभर बाहेर अंधार आणि चहूकडे पाणी. २७ जुलैला सकाळी आपत्तीची फौज रबरी होड्या घेऊन आली, नौदलाची माणसे आली, हेलिकॉप्टर आले. आसपासच्या गावांतले लोकही धावले. दुपारपर्यंत सगळ्या माणसांना सुखरूप बाहेर काढले. त्या दिवशीची चित्रे गुरुजींनी दाखवली. लांबून पाहिले तर गाडी नदीतच उभी आहे असे वाटते. दोन्ही बाजूंना तांबडे पाणी आणि मधे डब्यांची रांग.

मी गँगमन काकांना विचारले, पाण्यातून गाडी हळूहळू का नाही काढत? ते म्हणाले, पाणी रुळांवर आले की खालची खडी दिसत नाही. खडी वाहून गेली असली तर रूळ हवेत लोंबकळतो आणि वरून गाडी गेली की वाकतो. शिवाय लोकलच्या मोटारी डब्याखाली असतात, त्यात पाणी शिरते. म्हणून थांबायचेच. पावसाळ्यात गँगमन रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन रुळांवरून चालत खडी बघत जातात. काकांनी हे काम तीस वर्षे केले. त्यांच्या पायाला अजून चिखल्यांचे व्रण आहेत. गाडीतली माणसे झोपलेली असतात, त्यांना हे ठाऊक नसते.

पुराचे पाणी कुठपर्यंत येते हे प्रत्येक जण वेगळे सांगतो. कोणी म्हणते मारुतीच्या पायरीपर्यंत, कोणी म्हणते पिंपळापर्यंत. म्हणून काका, आजी आणि आणखी दोन म्हातारी माणसे यांना आम्ही एकत्र बोलावले. खूप भांडण झाले. शेवटी २००५ ची खूण पिंपळाच्या खोडावर माझ्या डोक्याच्या वर एक वीत अशी ठरली आणि २०१९ ची खांद्याजवळ. गुरुजींनी तिथे पांढऱ्या रंगाने पट्टे मारले आणि साल लिहिले. तुम्ही पाणवठ्यावर जाल तेव्हा उभे राहून बघा, तुम्ही कुठपर्यंत येता.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की रोज पाणी कुठे आहे ते बघून वहीत लिहायचे आहे. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. आम्ही तेव्हा पाचवीला नेरळला जाऊ, लोकलनेच. म्हणून तिसरीतल्या दोघांना पट्ट्या मोजायला आणि तारीख घालायला शिकवले आहे. वही गुरुजींच्या कपाटात आहे. या लेखाच्या खाली एक कोरा कागद टाचला आहे. पालकांपैकी ज्यांना जुन्या गाडीचे किंवा पुराचे काही आठवत असेल त्यांनी त्यावर लिहावे. पेन्सिल दोरीला बांधली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आमच्या गटातले कोणीही लिहून घेईल.